हिरव्या करवंदांच्या खारासाठी वॉटर-सील बरणी: घ्यावी की नाही?

तीन लिटरची जाड काचेची बरणी. तोंडाभोवती अडीच सेंटिमीटर खोल खोबण, त्या खोबणीत उपडं बसणारं वाटीसारखं झाकण, आणि फळं दाबून ठेवायला काचेच्या दोन अर्धगोल चकत्या. खोबणीत पाणी भरलं की झाकण वायुबंद होतं. आतला वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. अशा बरण्या ऑनलाइन ‘वॉटर-सील जार’ या नावाने मिळतात, आणि किमची किंवा ऑलिव्ह घालण्यासाठी म्हणून विकल्या जातात. इथे तिची पारख एकाच कामासाठी केली आहे: एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत मिळणारी हिरवी करवंदं मिठाच्या पाण्यात आंबवून टिकवायची. तीही ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये, जिथे त्या दिवसांत स्वयंपाकघर रात्रीसुद्धा तिशीच्या आसपासच असतं.

निकाल आधी सांगून टाकतो. एका वेळी किलो-सव्वा किलो करवंदं घालणार असाल आणि पुढचे तीन आठवडे घरी असाल, तर ही बरणी घेण्यासारखी आहे. मे महिन्यात दहा दिवस गावाला जाणार असाल, तर घेऊ नका. त्यापेक्षा चिनी मातीची बरणी आणि तोंडावर घट्ट बांधलेला दादरा, म्हणजे फडकं, बरा. कारण पुढे येईलच.

बरणीबरोबर पाककृतीचं एक चिटोरं येतं, ते ऑलिव्हचं असतं. ते करवंदाला जसंच्या तसं लावू नका. ऑलिव्हचा प्रश्न कडवटपणाचा आहे. त्यातलं ओल्युरोपीन नावाचं द्रव्य निघेपर्यंत फळ तोंडात धरवत नाही. म्हणून ऑलिव्ह आठवडा-दीड आठवडा रोज पाणी बदलत भिजवतात किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवतात, आणि मग आठ-दहा टक्के मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. करवंद कडू नसतं. ते आंबट असतं, थोडं तुरट असतं, आणि त्याला चीक असतो. घालवायचा तो चीक, आणि त्याला साधं पाणी, मीठ आणि एक दिवस पुरतो. कॉस्टिक सोड्याची इथे काहीच गरज नाही. सोड्याने करवंदाचा आंबटपणा मरतो, आणि हा खार सुरक्षित राहतो तो त्या आंबटपणामुळेच. आंबवलेल्या पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असला पाहिजे. ऑलिव्हला तिथवर आणावं लागतं, करवंद मुळातच त्याच्या बरंच खाली असतं.

आता फळ. जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनच्या परिसरात मे महिन्यात टोपल्या घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायका बहुतेक पिकलेली काळी करवंदंच आणतात, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. हिरवी हवी असतील तर आधी सांगून ठेवावं लागतं. “मावशी, पुढच्या खेपेला कच्ची आणाल का? लोणच्याला हवीत,” एवढं सांगितलं तरी पुरतं. दोन दिवस आधी सांगा आणि सांगितल्यावर न्यायला नक्की जा. त्यांनी काट्यातून हात घालून तोडलेलं फळ दुसरं कोणी विकत घेत नाही. वाट्यावर मिळतं, म्हणून घरी आल्यावर वजन करायचं. स्वतः तोडायचा मोह होतो, पण येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही तोडून आणता येत नाही. गावाकडे स्वतःच्या बांधावर करवंदाची जाळी असेल तर प्रश्नच नाही.

जाळीतून स्वतः तोडणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. करवंद हे कण्हेरीच्या कुळातलं झाड आहे, आणि त्याच कुळातली बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, सोसायट्यांच्या कुंपणाला सर्रास लावलेली असते. तिचंही फळ हिरवं, तिलाही पांढरा चीक, आणि ते फळ जीवघेणं विषारी. फरक स्पष्ट आहे. करवंदाच्या फांदीला कडक काटे असतात, पानं जाड आणि समोरासमोर, फळ गोल-लांबट. बिट्टीला काटे नाहीत, पानं लांब आणि चिंचोळी, फळ मोठं आणि कंगोरेदार. शंका आली तर फळ आडवं चिरा: करवंदात तीन-चार किंवा जास्त चपट्या लहान बिया दिसतात, बिट्टीत एकच मोठी टणक आठळी. चिरूनही शंका राहिली तर ती सगळी तोडणी टाकून द्या.

फळ पूर्ण वाढलेलं पण दगडासारखं घट्ट हवं. नख दाबलं तर उमटू नये. एका बाजूला जरी गुलाबी-लाल झाक दिसली तरी ते बाजूला काढा. ते चटणीला चालेल, खारात मात्र आठवड्यात मऊ पडतं आणि सगळं पाणी गुलाबी करतं. रंगाने बिघडत काही नाही, पण मऊ फळ पुढे गाळ करतं.

देठ काढताना हाताला खोबरेल तेल लावा, पातेल्याच्या कडेलाही लावा. चीक साबणाने जात नाही, तेलाने जातो. मग चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात दोनदा खळबळून घ्यायची. त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि टाळण्यासारखं नाही: प्रत्येक करवंदाला बांबूच्या टूथपिकने देठाच्या बाजूने दोन टोचे. सव्वा किलोत साधारण पाचशे फळं भरतात, दोघं बसलात तर तासाभराचं काम. करवंदाची साल मेणचट असते. न टोचलेल्या फळात मीठ शिरायला फार वेळ लागतो, तोवर आत चीक तसाच राहतो आणि फळ वर तरंगत बसतं. बत्त्याने ठेचून हे काम दहा मिनिटांत होतं खरं, ऑलिव्हला तसं करतातही, पण ठेचलेल्या करवंदाचा तिसऱ्या आठवड्यात लगदा होतो आणि खार गढूळ दिसतो. सुरी वापरायची तर स्टीलची. लोखंडी विळीला लागलं की फळावर काळे डाग पडतात.

टोचलेली करवंदं २४ तास साध्या पाण्यात ठेवायची आणि त्यात तीनदा पाणी बदलायचं. पहिलं पाणी दुधाळ निघतं, तिसरं जवळजवळ नितळ. नितळ झालं की पुढे भिजवायचं नाही, नाहीतर चव पाण्यात जाते.

मिठाचं माप चमच्याने घेऊ नका. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. तीन लिटरच्या बरणीला १.२५ किलो करवंदं आणि १.१ लिटर पाणी लागतं. दोन्ही मिळून २३५० ग्रॅम, त्याच्या सात टक्के म्हणजे १६५ ग्रॅम मीठ. मीठ फक्त पाण्याच्या हिशोबाने घेतलं की चूक होते. फळातलं पाणी हळूहळू बाहेर येतं आणि खार पातळ होतो, मग सात टक्क्यांचे साडेतीन-चारच उरतात. अंडं तरंगेपर्यंत मीठ घालायची जुनी खूण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास जाते, आणि तीही फळातलं पाणी धरत नाही. अडीनडीला ठीक, पण घरात वजनकाटा असताना तिच्यावर विसंबू नये.

सातच टक्के का? पाच टक्क्यांवर खार चवीला छान लागतो, पण ठाण्याच्या मेमध्ये तो फार वेगाने आंबतो आणि फळ मऊ पडतं. बारा टक्क्यांवर गेलात तर मीठ फळातलं पाणी एकदम ओढून घेतं, करवंद सुरकुततं आणि आंबणं जवळपास थांबतं. सात टक्क्यांवर फळ टणक राहतं आणि खार जिवंत राहतो. मीठ जाडं घ्या, मिठागरातलं, फक्त निवडून आणि पाण्यात विरघळवून गाळून. पाकिटातलं बारीक मीठ चालतं, पण गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात घातलेल्या द्रव्याने खार धुरकट होतो. पाणी उकळून गार केलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं.

आता बरणी. काच ओव्हनची नाही, साधी आहे. तिच्यात उकळतं पाणी ओतू नका, तळाला आडवी भेग जाते. गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, कोमट पाण्याने विसळून, उन्हात उपडी ठेवून खडखडीत वाळवा. तोंड जेमतेम नऊ सेंटिमीटर, मोठ्या माणसाचा हात आत जात नाही, म्हणून लांब दांड्याचा ब्रश लागतो. खोबणीच्या आतल्या कोपऱ्यात मळ बसतो तिथे जुना टूथब्रश. चीक नीट धुतला नसेल तर बरणीच्या खांद्याला आतून रबरासारखी पांढरी रेघ धरते. ती घासून जाणार नाही, कापसाला तेल लावून फिरवली की सुटते.

करवंदं भरून, खार ओतून वर चार बोटं जागा मोकळी सोडा. आणि इथेच या बरणीचा पहिला दोष दिसतो. काचेच्या दोन अर्धगोल चकत्या मोठ्या काकडीसाठी किंवा कोबीसाठी ठीक आहेत. त्यांच्यामधल्या फटीतून करवंदं एकेक करून वर निसटतात, आणि खाराच्या वर आलेल्या एका फळावर बुरशी धरली की ती खाली उतरायला वेळ लागत नाही. उपाय स्वस्त आहे. केळीच्या पानाचा तोंडापेक्षा दोन बोटं मोठा गोल तुकडा कापा, धुऊन पुसून फळांवर पसरा, कडा खाली मुडपून घ्या आणि त्यावर चकत्या ठेवा. पान नसेल तर धुवून उकळलेल्या मलमलीचा दुहेरी तुकडा. त्यासाठी बरणीबरोबर एखादी जाळीची चकती द्यायला हवी होती. किमतीच्या मानाने हे खटकतं, कारण ही बरणी त्याच मापाच्या साध्या काचेच्या बरणीपेक्षा बरीच महाग पडते.

खोबणीत साधं पाणी भरू नका, सात टक्के मिठाचा खारच भरा. याला दोन कारणं आहेत. एक, आंबणं मंदावल्यावर रात्री हवा गार झाली की झाकणाखालचा वायू आक्रसतो आणि खोबणीतलं पाणी आत ओढलं जातं. जूनमध्ये पहिला पाऊस पडलेल्या रात्रीनंतर हे हमखास दिसतं: सकाळी खोबण अर्धी रिकामी. ते पाणी साधं असेल तर खार पातळ होतो आणि खोबणीतली धूळही आत जाते. दुसरं कारण डासांचं. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेचे कर्मचारी घरोघरी साचलेलं पाणी बघत फिरतात ते उगाच नाही. डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला असं स्वच्छ, स्थिर, बोटभर पाणी आवडतं. सात टक्के मीठ समुद्राच्या जवळजवळ दुप्पट होतं, त्यात त्याची अळी तगत नाही. तरीही दर तीन-चार दिवसांनी खोबण कापसाने टिपून खार नवा भरायचा.

गावाला जाणाऱ्यांनी ही बरणी का घेऊ नये, ते याच खोबणीमुळे. पंख्याखाली किंवा गॅसजवळ ठेवलेल्या बरणीची खोबण सहा-सात दिवसांत इतकी उतरते की झाकणाची कड उघडी पडते. मग हवा आत जाते, आणि आंबणं संपलेलं असेल तर ती बाहेर ढकलायला आत वायूही तयार होत नाही. परत आल्यावर खारावर जाड साय असते. कोणी खोबणीत तेल भरायला सांगतं, म्हणजे ते उडत नाही. पण तेलाला वास लागतो, त्यावर धूळ चिकटते आणि आत ओढलं गेलं की करवंदं ओशट होतात. तो मार्ग नको.

बरणी परातीत ठेवा, कारण पहिल्या चार-सहा दिवसांत ती उतू जाते. ओट्यावर किंवा पूर्वेच्या खिडकीत ठेवू नका. काचेतून ऊन लागलं की हिरवा रंग पिवळट होतो आणि त्या बाजूचा खार तापतो. ओट्याखालच्या बंद कपाटात, सिलिंडरपासून दूर, ही जागा सगळ्यात गार. बरणी काचेची असणं इथे मात्र उपयोगी पडतं. दार उघडून विजेरी मारली की आत काय चाललंय ते झाकण न उघडता कळतं. दुसऱ्या दिवशी फळांच्या टोचलेल्या जागी मोत्यासारखे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. तिसऱ्या दिवसापासून झाकणाखालून डुबुक असा आवाज येतो, आधी मिनिटाला दोन-तीनदा, मग विरळ. बाराव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान तो थांबतो. हिरव्यागार करवंदाचा रंग तोवर ऑलिव्हसारखा पोपटी-तपकिरी झालेला असतो. हे बघता येणं चिनी मातीच्या बरणीत नाही, आणि पहिल्यांदा खार घालणाऱ्याला याने खूप धीर येतो.

पहिले दहा दिवस झाकण उघडायचं नाही. चव बघायला उघडलं की आत साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आंबणं जोरात असताना तो भरून निघतो, नंतर नाही.

काय बिघडू शकतं? खारावर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय आली तर ती यीस्टची. चमच्याने काढा, खोबण भरा, वास आंबट-फळांचा असेल तर पुढे चला. केसाळ, निळी-हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वाचवायचा प्रयत्न करू नका, सगळं टाकून द्या. सव्वा किलो करवंदं टाकताना जीव हळहळतो, पण बुरशीची मुळं दिसतात त्याच्याही खाली गेलेली असतात. खार तारेसारखा चिकट झाला आणि वास कुजका आला, तर मीठ कमी पडलं होतं. तेही टाकायचं. फळं वर पोकळ आणि सुरकुतलेली राहिली तर मीठ जास्त झालं, खाण्याआधी ती पाण्यात तीन तास ठेवली की बऱ्यापैकी भरतात. तळाला पांढरा साका बसतो तो बिघाड नव्हे, ते आंबवणारे जिवाणूच.

एकविसाव्या दिवशी बरणी उघडा. पीएचच्या पट्ट्या मिळाल्या तर बुडवून बघा, चारच्या खाली आकडा हवा. एक करवंद चिरून खा: आतला पांढरा चीक दिसू नये, बी सहज सुटावी, दाताखाली कुरकुर वाजावं. चिकाची चव घशाला लागली तर आणखी आठवडा.

यानंतर मात्र करवंदं या बरणीत ठेवू नका. रोज दोन-चार काढायला झाकण उघडणं, चकत्या काढणं, खोबण सांभाळणं हे या बरणीला जमत नाही. इथून पुढचं काम चिनी मातीच्या बरणीचं आहे. ती अंधार राखते, गार राहते, आणि तोंड रुंद असल्यामुळे लाकडी पळी नीट जाते. करवंदं त्याच खारासकट तिच्यात काढा, वर बोटभर तीळतेल घाला, दादरा बांधा. चिनी मातीची नवी बरणी घेताना झिलई आतून अखंड आहे का ते बोट फिरवून बघा. आतून रंगीत नक्षी असलेली घेऊ नका, आंबट खारात रंगातलं शिसं उतरू शकतं. जुनी असेल तर मिठाचं पाणी भरून आठ दिवस ठेवा. बाहेरून पांढरी भुकटी फुटली म्हणजे माती झिरपते आहे. अशी बरणी तांदळाला वापरा, खाराला नको.

तक्रारी अजून दोन. झाकण बरणीपेक्षा पातळ काचेचं आहे, आणि फुटलं तर सुटं झाकण मिळत नाही. सिंकमध्ये बरणी आणि झाकण एकत्र ठेवलं की झाकणच जातं. आणि ‘तीन लिटर’ हे माप काठोकाठचं आहे, कामाचं माप अडीच लिटरच्या आत. दोन लिटरची घेणाऱ्याने पाऊण किलोच्या वर करवंदं धरू नयेत.

चवीबद्दल थोडं, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच. खारातलं करवंद तासभर पाण्यात ठेवून मीठ उतरवा, उभं चिरून बी काढा. मुगाच्या खिचडीवर, भाकरीबरोबर लसणाच्या ठेच्यात, किंवा बांगड्याच्या आमटीत कोकमाऐवजी सात-आठ करवंदं. आमटीत घातलीत तर वरून मीठ चव बघूनच घाला. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी पाण्यात जास्त वेळ ठेवून, दोनदा पाणी बदलून, तेही एखाद-दुसरंच खावं.

करवंदं चिनी बरणीत गेली की काचेची बरणी जूनमध्ये मोकळी होते. आतली आठळी सुरीने सहज कापली जाते अशा वयाचे कोवळे आंबाडे तेव्हा बाजारात येतात. त्यांना चीक कमी, टोचायचे चार टोचे, भिजवायचं सहा तास, मिठाचं माप तेच सात टक्के. आठळीला धागे धरले की मात्र आंबाडा खाराच्या कामाचा राहत नाही, म्हणून विकत घेताना त्या बाईला एक चिरून दाखवायला सांगा.